दर तीन तासांनी थोडं थोडं : एका एसटी कंडक्टरने वापरून पाहिलेला आहार तक्ता

दिवसातून सहा वेळा, ठरलेल्या वेळी, थोडं थोडं खाऊन वजन उतरवायचं, असा तीन महिन्यांचा कार्यक्रम मी आमच्या जिल्ह्यातल्या एका आहार केंद्रातून घेतला. फी साडेचार हजार रुपये. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने हाच तक्ता आता बऱ्याच ठिकाणी मिळतो आणि मला बोलायचं आहे ते तक्त्याबद्दल.

मी एसटीत कंडक्टर आहे, राहणारा देवगड तालुक्यातला. वयाची पंचेचाळिशी उलटलेली, रक्तदाबाची गोळी चालू. वजन ८९ किलो होतं, ते ८१ वर आलं आणि कार्यक्रम संपून वर्ष होत आलं तरी तिथेच टिकून आहे. म्हणजे उपयोग झाला. पण केंद्रात जे कारण सांगितलं गेलं, त्या कारणाने तो झालेला नाही. खरं कारण वेगळं आहे, आणि ते नीट कळलं तरच हा कार्यक्रम आमच्यासारख्या धावपळीच्या नोकरीतल्या माणसाच्या उपयोगाचा आहे. म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

पहिली भेट तासाभराची होती. उंची, वजन, पोटाचा घेर. माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, ३१ च्या वर निघाला. आपल्या भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात, हे तिथेच पहिल्यांदा कळलं. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा, बाईचा ८० च्या आत. माझा शंभराच्या वर होता. तिथल्या डायटीशियन ताई वयाने लहान, पण ऐकून घेणाऱ्या. घाई अजिबात केली नाही, हे आवर्जून सांगतो.

मग तक्ता हातात आला. सकाळी सातला ओट्स. दहाला एक फळ आणि ग्रीन टी. एक वाजता दोन चपात्या, भाजी, सॅलड. चारला मूठभर सुकामेवा. सातला सूप. साडेआठला पनीर किंवा ग्रील केलेलं चिकन. दिवसाची बेरीज १६०० कॅलरी. आणि त्याबरोबर समजावणी अशी की दर तीन तासांनी पोटात काही टाकत राहिलं की चयापचयाची भट्टी पेटती राहते, आणि जास्त वेळ उपाशी राहिलं की शरीर घाबरून चरबी साठवायला लागतं.

हे भट्टीचं गणित मला पटलं होतं. माझी मुलगी नर्सिंगचं शिकते, तिने ते घरी बसून सोडवून दाखवलं. अन्न पचवायला शरीर ऊर्जा खर्च करतं हे खरं, पण ती खाल्लेल्या एकूण अन्नाच्या साधारण दहावा हिस्सा असते. १६०० कॅलरी तीनदा खा नाहीतर सहादा खा, दहावा हिस्सा तेवढाच. कॅनडात ओटावाला २०१० साली नेमकी हीच परीक्षा झाली होती. जाड माणसांच्या दोन तुकड्या, दोघांना सारख्याच कमी कॅलरी, एकीला तीन जेवणं आणि दुसरीला तीन जेवणं अधिक तीन छोटी खाणी. आठ आठवड्यांनी वजनात फरक नाही. प्रागमध्ये २०१४ साली टाइप टू मधुमेहाच्या रुग्णांवर सहा छोटी खाणी विरुद्ध फक्त नाश्ता आणि दुपारचं जेवण असा अभ्यास झाला. कॅलरी सारख्याच होत्या, आणि तिथे तर दोनदा खाणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं.

आमच्या रेस्टरूममध्ये यावर कायम दोन तट असतात. एक तट डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा, दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत. दुसरा ऋजुता दिवेकरांचा, थोड्या थोड्या वेळाने खा, घरचं खा, भाताला आणि तुपाला घाबरू नका. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं आहेत, मी त्यांना रोज बघतो. त्यामुळे सहा हा आकडा जादूचा आहे असं कुणी सांगत असेल तर त्यावर पैसे देऊ नका.

मग माझं वजन कशाने उतरलं? मुलीनेच आणखी एक अभ्यास दाखवला, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा, २००५ चा. जाड बायकांना काही दिवस रोज ठरलेल्या सहा वेळा खायला सांगितलं आणि काही दिवस अनियमित, म्हणजे आज तीनदा तर उद्या नऊदा. नियमित दिवसांत त्यांनी एकूण कमी खाल्लं आणि वाईट कोलेस्टेरॉलही कमी राहिलं. अभ्यास लहान आहे, दहाच बायकांचा. पण तो ऐकला आणि माझ्या नोकरीचं सगळं चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं. माझं खाणं जास्त होतं त्याहीपेक्षा ते विस्कटलेलं होतं.

कंडक्टरचा दिवस बाहेरच्या माणसाला कळावा म्हणून सांगतो. पहाटेची ड्युटी असेल तर साडेचारला उठणं, त्या वेळी खायची इच्छा नसते. चहा होतो. गाडी देवगडहून निघते, जामसंडे, तळेबाजार, शिरगाव, नांदगाव करत कणकवलीला जाते. शाळेची मुलं, बाजाराच्या बायका, तिकिटं, सुटे पैसे, पावसात खिडक्यांवरून भांडणं. कणकवलीला उतरलो की भूक एकदम अंगावर येते. स्टँडसमोर कांदाभजी तळणीतून निघत असते. तिथे वडापाव, दुसरा वडापाव, चहा. एक वडापाव म्हणजे तीनशेच्या आसपास कॅलरी. परतीच्या फेरीला थोडी झोप, म्हणून पुन्हा चहा. दुपारी डबा असायचा, पण गाडी लेट असली की तो तीनला उघडायचा, आणि तोवर बिस्किटाचा पुडा संपलेला. रात्री घरी गेल्यावर दिवसभराची भूक एकत्र बसायची. मग भात, आमटी, तळलेला बांगडा, वर पुन्हा भात, आणि लगेच झोप.

चहाचाच हिशोब घ्या. आमच्याकडच्या टपरीवर कपाला दोन चमचे साखर सहज. चमच्यात पाच ग्रॅम धरली तर पाच कपांत पन्नास ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिवसाला २० ते २५ ग्रॅमच्या आत साखर ठेवा असं म्हटलंय. म्हणजे जेवण बाजूलाच राहिलं, नुसत्या चहानेच दुप्पट.

तक्त्याने केलं ते एवढंच, पण ते फार मोठं आहे. भूक अंगावर यायच्या आधी डबा उघडायचा. दहा वाजता पोटात काही गेलेलं असलं की अकराला भजीचा वास वास म्हणूनच येतो. त्याच्यामागे पाय जात नाहीत. सहा वेळांचा खरा फायदा मला इथे दिसला, चयापचयात नाही.

आता ओट्स आणि ग्रीन टीबद्दल. पहिले काही दिवस मी इमानदारीने तक्ता जसाच्या तसा पाळला आणि मला तो झेपेना. ओट्स वाईट नाहीत, पण खाल्ल्यासारखं वाटत नव्हतं आणि घरात एका माणसाचा वेगळा स्वयंपाक किती दिवस चालणार? दुसऱ्या भेटीत मी ताईंना सरळ विचारलं, दहा वाजता पेज चालेल का? त्यांनी क्षणभर विचार केला, वही काढली आणि विचारलं, पेजेत तांदूळ किती घालता? या एका प्रश्नासाठी मी या केंद्राला चांगले गुण देतो. त्यांनी पूर्ण तक्ता नव्याने लिहून दिला, आमच्या स्वयंपाकघरातल्या जिनसा घेऊन.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, कोकणात शेतावर राबणाऱ्या घरांत पिढ्यान् पिढ्या सकाळी दहाच्या सुमाराला पेज होते. उकडा तांदूळ भरपूर पाण्यात मऊ शिजवायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं नाही, मीठ घालायचं आणि गरम गरम प्यायची. बरोबर कुळीथ किंवा भाजलेला सुका बांगडा, नाहीतर लोणच्याची फोड. मोठ्या वाडग्यात कच्चा तांदूळ जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम असतो, बाकी पाणी. अन्नातच शिजलेलं पाणी पोट भरल्याची जाणीव चांगली देतं, वरून प्यायलेल्या पाण्यापेक्षा जास्त. दीडशे कॅलरींच्या आत एवढा आधार देणारं दुसरं काही मला या तक्त्यात सापडलं नाही. मी ती तोंड रुंद असलेल्या थर्मासमध्ये नेतो. कणकवलीला गाडी लागली, प्रवासी उतरले की वाहकाच्या सीटवर बसून दहा मिनिटांत पेज पिऊन होते. आईने हे पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "ह्यां आमी पयल्यापासून खातव." आणि ते अगदी खरं आहे. न्याहारी, पेज, दुपारचं जेवण, चहा, रात्रीचं जेवण, या वेळा आमच्या घरात होत्याच. मी नोकरीला लागल्यावर त्या सुटल्या.

बाकीचं असं बसलं. सकाळी निघायच्या आधी नाचणीची आंबील ताकातली किंवा एक आंबोळी. दुपारी तांदळाची एकच भाकरी, पालेभाजी, कुळथाची पिठी किंवा माशाचं सार, वाटीभर भात. चारला फळ, किंवा भाजलेले शेंगदाणे मोजून. सातच्या सुमाराला उकडलेलं अंडं नाहीतर मोड आलेल्या मुगाची उसळ. घरी गेल्यावर अर्धी भाकरी, भाजी, सोलकढी. रात्रीचा भात मी बंद केला नाही, तो आठवड्यातून दोनदा असतो आणि त्या दिवशी भाकरी नसते. बांगडा तव्यावर थोड्या तेलात, तळून नाही. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, हे एकदा डोक्यात बसलं की कढई आपोआप मागे राहते.

"मूठभर सुकामेवा" या दोन शब्दांवर मात्र माझा ठाम आक्षेप आहे. छापील तक्त्यात सगळीकडे हेच लिहिलेलं असतं. कोकणात सुकामेवा म्हणजे काजू, आणि काजू घरचा असतो, पिशवीने येतो. मंडळींनी माझी मूठ स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकामी केली, ४५ ग्रॅम भरले. म्हणजे अडीचशेच्या वर कॅलरी, जवळपास एका जेवणाचा निम्मा भाग. आकडा द्या: दहा-बारा काजू. ओल्या नारळाचंही तसंच. शंभर ग्रॅम खोबऱ्यात साडेतीनशे कॅलरी. आमच्याकडे नारळाशिवाय आमटी होत नाही आणि ती होऊही नये, पण चौघांच्या आमटीला अर्धा नारळ पडतो की पाव, यावर तक्त्यात ओळ हवी होती. ती आम्ही घरीच ठरवली.

वेळांचा प्रश्न सगळ्यात मोठा होता. तक्त्यात सात, दहा, एक, चार असं लिहिलंय, पण माझी ड्युटी आठवड्यात बदलते आणि घाटात दरड आली किंवा पुलावर पाणी आलं की घड्याळाला अर्थ राहत नाही. ताईंनी इथे चांगला तोडगा काढला. वेळेऐवजी अंतर धरायचं, अडीच ते साडेतीन तास, आणि प्रत्येक खाणं एखाद्या थांब्याशी जोडायचं. पेज म्हणजे कणकवली. दुपारचं जेवण म्हणजे परत आल्यावर हिशोब भरला की लगेच, त्याच्याआधी कुणाशी गप्पा नाहीत. पहाटेच्या आणि दुपारच्या ड्युटीसाठी दोन वेगळे कागद करून घेतले, ते मी तिकीट मशीनच्या पेटीत चिकटवून ठेवलेत.

रात्रवस्तीच्या गाडीचं सांगायलाच हवं. शेवटची फेरी आतल्या गावात जाते, गाडी देवळापाशी उभी राहते आणि सकाळी तिथूनच सुटते. गावातली माणसं प्रेमाने बोलावतात, "कंडक्टरांनू, येवा, जेवक बसा." त्या घरात जाऊन मी डाएटवर आहे म्हणणं मला जमणार नाही आणि जमवायचंही नाही. वस्तीला सातचं खाणं मी मुद्दाम भरपूर घेतो, दोन अंडी आणि काकडी किंवा तवसं. मग पानावर जे येईल ते एकदाच वाढून घेतो. वाढणाऱ्या वहिनींना आधीच सांगतो की भात एकदाच वाढा, सार हवं तेवढं. कुणीही आजवर वाईट वाटून घेतलेलं नाही.

पावसाळ्यात तक्ता पुन्हा अडखळला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ताजी मासळी दुर्मीळ आणि महाग. सुकी मासळी घरात असते, पण तिच्यात मीठ फार, रक्तदाबवाल्याने ती रोज खाऊ नये. त्या दोन महिन्यांत कुळीथ, काळे वाटाणे आणि अंडी यांच्यावर मी निभावलं. कुळथात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, हे इथल्या प्रत्येक केंद्राने भिंतीवर लावावं. त्याऐवजी भिंतीवर परदेशी भाज्यांची चित्रं होती.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पुढचं लक्ष देऊन वाचा. माझ्याबरोबरचे ड्रायव्हर साखरेच्या गोळ्या घेतात. माझं पाहून त्यांनाही कार्यक्रम घ्यावासा वाटला. मुलीने त्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि ते फार बरं झालं. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या तुम्ही कमी खाल्लंत तरी साखर खाली आणतच राहतात. जेवण अर्ध्यावर आणायचं आणि गोळी तीच ठेवायची, तर घाम सुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं हे होऊ शकतं. चाळीस-पन्नास माणसं मागे बसलेली असताना, घाटाच्या वळणावर, स्टिअरिंगवरच्या माणसाला हे झालं तर काय होईल याचा विचार करा. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी कमी केली, खाण्याच्या वेळा गोळीशी जुळवून दिल्या आणि मगच ते सुरू झाले. केंद्राच्या फॉर्मवर "चालू औषधं" असा रकाना होता, पण भरल्यानंतर त्याबद्दल कुणी एक प्रश्नही विचारला नाही. माझ्या रक्तदाबाच्या गोळीबद्दलही नाही. ही या सेवेतली सगळ्यात गंभीर उणीव आहे आणि तिला माफी नाही.

दुसरी उणीव पावडरीची. तिसऱ्या भेटीपासून प्रत्येक वेळी एक डबा टेबलावर यायचा, संध्याकाळच्या खाण्याऐवजी शेक घ्या म्हणून. किंमत फीच्या निम्मी. मी घेतला नाही आणि माझं काही अडलं नाही. शेक बंद केला की सातच्या भुकेला पुन्हा भजीच समोर असणार, त्यापेक्षा उकडलेलं अंडं आयुष्यभर परवडतं. रोज प्रत्येक खाण्याचा फोटो ॲपवर टाकायची अट होती, तीही आमच्या वस्तीच्या गावांत रेंज नसल्यामुळे निभत नव्हती. ताईंनी माझ्यासाठी वहीत लिहिलेलं चालवून घेतलं. वही मला फोटोंपेक्षा जास्त उपयोगी वाटली, कारण मागची पानं उलटून कुठल्या ड्युटीला गडबड होते ते दिसतं.

वजन कसं उतरलं तेही सांगतो, म्हणजे कुणी भलती आशा धरणार नाही. पहिल्या आठवड्यात झपकन दीडेक किलो गेलं, त्यात बरंचसं पाणी असतं. नंतर आठवड्याला अर्धा किलो, कधी तेवढंही नाही. चतुर्थीत मोदक झाले, चाकरमानी घरी होते, काटा हलला नाही, उलट थोडा वर गेला. ताईंनी त्यावर फक्त एवढंच विचारलं की पेजेची वेळ पाळली का. पाळली होती. पुढच्या पंधरवड्यात काटा पुन्हा खाली आला. पोटाचा घेर ९४ वर आहे, अजून चार सेंटिमीटर जायचे आहेत. रक्तदाब सुधारलाय, गोळीचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

ज्यांचं खाणं आधीच वेळेवर आहे, घरी बसून दोन-तीनदा नीट जेवतात, त्यांना या कार्यक्रमाने फार काही मिळेल असं मला वाटत नाही. त्यांनी दोन जेवणांवर राहावं, तीनवर राहावं, ताटात किती वाढतो ते बघावं. पण ज्यांची भूक कामामुळे इकडेतिकडे ढकलली जाते, आमचे ड्रायव्हर-कंडक्टर, बंदरावर लिलावाला उभे राहणारे, रात्रपाळीच्या नर्स, काजू फॅक्टरीतल्या बायका, आंब्याच्या हंगामात पेट्या भरणारी पोरं, त्यांना हे छोट्या डब्यांचं वेळापत्रक खरोखर वाचवू शकतं. आमच्या खात्यात पन्नाशीच्या आत हृदयाची दुखणी झालेली माणसं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून हे मनापासून सांगतोय.

घ्यायचंच ठरवलंत तर पहिल्या भेटीला तुमच्या महिन्याभराच्या ड्युटीचा कागद, चालू औषधांच्या गोळ्यांची पाकिटं आणि घरात आठवड्याला किती तांदूळ, तेल आणि नारळ लागतात तो आकडा घेऊन जा. समोरच्या माणसाने हे तिन्ही बघितलं आणि त्यावर प्रश्न विचारले, तर पैसे भरा. न बघताच छापील कागद पुढे केला, तर फी भरायच्या आधी उठून या.